वाघाचं ब्लँकेट

महबूलात, समुद्राकडच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर
सहा खाटा. भिंतीकडची माझी.
ही भिंत उन्हाळ्यासाठी बांधलीय,
म्हणजे उन्हाळ्यासाठीही धड नाही,
एकेरी ब्लॉक, वर हात फिरवल्यासारखं प्लास्टर,
पण तेव्हा निदान एसी असतो
आणि एसीवर माझं पोट.
नऊ वर्षं गॅस भरतोय, कॉइल धुतोय,
लोकांच्या बैठका गार करतोय.
डिसेंबर लागला की मला कुणी विचारत नाही.

आमच्या खिडकीतला एसी मीच बसवला.
चौकट दोन बोटं मोठी निघाली.
त्या दोन बोटांतून रात्रभर उत्तरेचा वारा.
"मेस्त्री, काम तुझंच ना?" मुकादम विचारतो,
कानटोपीतून, दापोलीच्या हेलात.
खरं आहे.
फटीत मी कुबूसच्या पिशव्या कोंबल्या,
फाटका मोजा, बाबूची जुनी मल्याळम वर्तमानपत्रं.
वारा आता बातम्या वाचून आत येतो.

इथले लोक या दिवसांना मुरब्बानिया म्हणतात.
चाळीस दिवस. हारिसनं बोटं मोडून दाखवली,
आणि मग खांदे उडवले: त्यानंतरही थंडी आहेच.

भिंतीला खार फुटलाय.
उशीकडच्या कोपऱ्यात बुरशी, काळी,
दर शुक्रवारी क्लोरॉक्सनं पुसतो
आणि ती परत येते,
रजा संपवून कामावर रुजू होणाऱ्या माणसासारखी,
मुकाट, त्याच जागी.
कपडे वाळत नाहीत. फ्रिजच्या पाठीला ऊब असते
म्हणून तिथे पाळी लावलीय:
आज यादगिरीचा झाडूवाला पिवळा युनिफॉर्म,
पहाटे चारला त्याला रस्त्यावर उभं राहायचंय.

हीटर आहे. दोन दांड्यांचा, एक जळकी.
हीटर आणि इस्त्री एकदम लावली
की मजलाभर अंधार, आणि जिन्यात शिव्या
चार भाषांत.
एकदा बाबूनं शवर्मावाल्याकडून निखारे आणले, पत्र्याच्या डब्यात.
मुकादम उठला,
डबा उचलून गच्चीवर ठेवून आला,
खिडकी सताड उघडली, त्या थंडीत,
आणि काही बोलला नाही.
फाहहीलला असताना एका सकाळी
त्यानं कुठलासा दरवाजा उघडला होता.
तेवढंच आम्हाला माहीत आहे.

म्हणून आम्ही गादीला इस्त्री करतो.
शर्टाला करतात तशी, आधी पाठ, मग बाह्या असल्यासारख्या कडा,
आणि ऊब पळायच्या आत
झटकन आत शिरतो.
एक इस्त्री, सहा गाद्या.

"वाळवंटात कसली हो थंडी?
मला काय येडी समजता?"
पालशेतला पंखा फिरतोय, तिच्या केसांवरून कळतं.
तिच्या मागे कपाटावर माझे वाघ,
प्लास्टिकच्या बॅगेत, चेन लावलेले,
पाच पाच किलोचे,
दर रजेला एक, स्वतःचं सामान कमी करून नेलेला.
एक नणंदेला दिला. एक पाहुण्यांना दाखवायचा.
एक पोरीच्या लग्नासाठी राखून.
पांघरत कुणीच नाही. घाम येतो.

चौथा इथे आहे, माझ्या खाटेखाली.
कोरा न्यायचा म्हणून उघडलेला नाही.
मी कंपनीच्या करड्या चादरीत,
आणि माझ्या पाठीखाली, एका फळीच्या अंतरावर,
एवढा थोरला वाघ
डोळे उघडे ठेवून झोपतो.

"एक काढ खाली," मी म्हटलं.
"आत्ता? कशाला?"
"बुरशी धरलीय का बघू."
तिनं स्टूल ओढलं, चेन उघडली, वास घेतला.
"नाही धरली."
"मग जरा पांघरून दाखव."
ती हसली. दार लोटून आली.
आणि बसली, गळ्यापर्यंत वाघ ओढून,
वर पंखा पाचवर,
कपाळावर घाम टिपूस टिपूस,
"झालं समाधान? गुदमरले मी!"
"थांब," म्हटलं, "अजून थोडं."

भिंतीला टेकलेली माझी पाठ
तेवढा वेळ विसरली भिंतीला.

मग यादगिरीनं हळूच खाट हलवली:
"भाई, इस्त्री."